घट्ट थेंब

आयुष्यभर विजेच्या खांबांवर चढलेला माणूस शेवटी पडला तो स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून. बल्ब बदलत होता. तोही बायकोनं, म्हणजे वहिनीनं, महिनाभर कानीकपाळी ओरडल्यावर. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते हे असं. मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी हाडात सळई घातली, आणि सळईच्या आडोशाला जंतूंनी संसार थाटला.

"खांबावरून पडलो असतो तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं," दादा हॉस्पिटलच्या खाटेवरून म्हणायचा. "स्टुलावरून पडलेल्या वायरमनला कोण मुलगी देणार?"

"तुझं लग्न झालंय," त्याची धाकटी बहीण म्हणायची.

"म्हणून तर वाचलो."

ती हसायची. त्यानं तिला लहानपणापासून हसवलंच होतं. तो तिला खार म्हणायचा, कारण ती फ्रॉकच्या खिशात शेंगा, खडे, मेलेले भुंगे असं काहीही साठवून ठेवायची. मोठी झाली तरी सवय गेली नाही; भुंग्यांच्या जागी जंतू आले, एवढंच. खार एका प्रयोगशाळेत जिवाणूंवर काम करायची आणि तिच्या फ्रीजमध्ये बाटल्याच बाटल्या होत्या. त्यांत होते विषाणू. माणसांना धरणारे नव्हेत, जिवाणूंना धरणारे. गटारातले, तळ्यातले, मासळी बाजारामागच्या नालीतले.

जिवाणू आपल्याला आजारी पाडतात एवढंच लोकांना ठाऊक असतं. पण त्यांच्याही मानगुटीवर बसणारं कोणीतरी आहेच. हा विषाणू जिवाणूच्या अंगावर बसतो, सुई टोचल्यासारखं आपलं बी आत सोडतो, आत शेकड्यानं पिल्लं होतात आणि जिवाणू फोडून शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहतात. आता जिवाणूही काही हातावर हात ठेवून बसत नाही. कोणाकडे बचावाची अख्खी फौज असते. एक ओळखणारा, एक बोंब मारणारा, एक कापणारा. पण खारीचा जीव जडला होता तो एका एकट्या प्रथिनावर. पहाराही त्याचाच आणि फाशीही त्याचीच. एरवी ते स्वतःलाच मिठी मारून झोपलेलं असतं. विषाणूची पिल्लं आत आपलं कवच शिवायला लागली, की कवचाचा तुकडा याला येऊन चिकटतो, मिठी सुटते, आणि जागं झालेलं हे प्रथिन आपल्याच घराचा सगळा कारभार बंद पाडतं. जिवाणू मरतो. त्याच्याबरोबर आतली अर्धवट पिल्लंही मरतात आणि शेजारची जिवाणू-भावंडं वाचतात. प्रयोगशाळेत सगळे त्याला एकांडा शिलेदार म्हणायचे. खारीची कित्येक वर्षं या शिलेदारामागे गेली होती. घरी कोणी विचारलं की ती जेवण थंड होईस्तोवर सांगायची, आणि दादा मान डोलवत तिच्या ताटातलं पळवायचा.

दादाच्या पायातल्या जंतूंवर एकेक औषध हरत गेलं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी बहीणभावाला समोर बसवून सांगितलं. पाय काढायचा, मांडीच्या वरून. आत्ता काढला तर माणूस हमखास वाचेल.

"आणि नाही काढला तर?" दादानं विचारलं.

"जंतू रक्तात उतरले की मग पायाचा प्रश्नच उरणार नाही."

ज्याच्या गप्पांना कधी खंड पडला नव्हता तो माणूस चादरीखालच्या आपल्या अंगठ्याकडे बघत बसला. खारीला ते बघवेना. तिनं डॉक्टरांसमोर आपल्या विषाणूंचा विषय काढला. डॉक्टर भले होते. आशेला हसणारे नव्हते.

"परवानगीचं मी बघतो," ते म्हणाले. "तुमच्या बाटल्यांत याच्या जंतूंना मारणारा कोणी असेल तर शोधा. शुक्रवारी सकाळी मी टेबल रिकामं ठेवलंय. त्या वेळी मला हो किंवा नाही सांगा. मात्र विषाणू चालत नसेल तर मला लटकवून ठेवू नका. थांबण्याइतका वेळ याच्याकडे नाही."

खारीनं दादाच्या जखमेतले जंतू नेले आणि फ्रीजमधली एकेक बाटली काढून त्यांच्यावर लावायला घेतली.

हे काम दिसायला अगदी सोपं असतं. काचेच्या बशीत जिवाणूंची साय धरू द्यायची आणि तिच्यावर विषाणूचे थेंब ओळीनं ठेवायचे. पहिला घट्ट, दुसरा दहापट पातळ, तिसरा त्याहून दहापट, असे. रात्रभर उबेत ठेवलं की जिथं जिवाणू मेले तिथली साय विरते. सरांचा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, एकच नियम होता: पातळ थेंबावर विश्वास ठेवा, घट्ट थेंब खोटारडा असतो. कारण घट्ट थेंबात विषाणूंची इतकी गर्दी असते, की प्रत्येक जिवाणूवर कोणी ना कोणी बसतोच आणि तिथली साय साफ होते. पण विषाणूनं त्यांना मारलं की ते आपणहून मेले, हे काही तो थेंब सांगत नाही. पातळ थेंबात विषाणू मोजकेच. ते खरोखर वाढत असतील तर प्रत्येकाचं आपलं वेगळं भोक पडतं, कपड्याला कसर लागावी तसं. भोकं दिसली तरच विषाणू कामाचा. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला खार हे पहिल्याच दिवशी शिकवायची, आणि जो विसरेल त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायची.

बाटल्यांमागून बाटल्या गेल्या. साय जशीच्या तशी. आणि शुक्रवारी सकाळी तिनं शेवटच्या बशा उबेच्या पेटीतून काढल्या, तर मासळी बाजाराच्या नालीतल्या विषाणूचा पहिला थेंब काचेसारखा लख्ख.

तिनं बशी खिडकीशी धरली. त्या गोल भोकातून समोरच्या इमारतीचं गच्चीवरचं टाकं स्पष्ट दिसत होतं. तिला हुंदका आला, एकटीच असताना येतो तसा मोठ्यानं. मग तिची नजर पुढच्या थेंबांवर गेली. दुसरा जरा धुरकट. तिसऱ्यात साय. चौथ्यात साय. भोक एकही नाही.

आता इथं खरं तर काही समजायचं राहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाची बशी असती तर तिनं दाराशी उभं राहूनच सांगितलं असतं. पण बशी तिच्या दादाची होती. पातळ करताना आपणच चुकलो, असं तिनं ठरवून टाकलं. काल मध्येच वहिनीचा फोन आला होता, तेव्हा हात थरथरत होता. नळीचं टोक नीट बसलं नसेल. पातळ करायचं मिठाचं पाणी जुनं असेल. पुन्हा लावायचं तर आणखी एक रात्र, आणि डॉक्टर तर आत्ता टेबलाशी उभे असतील. समोर थेंब लख्ख दिसतोय, हातच्या कांकणाला आरसा कशाला? बुडत्याला काडीचा आधार पुरतो म्हणतात. हिच्या हातात तर अख्खी बशी होती.

सरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती त्या दारावरून गेली आणि आत डोकावली नाही.

दादाला ऑपरेशनचे कपडे घालून तयार ठेवलं होतं. वहिनी बेकरीत सकाळपाळीला होती. रजा संपल्या होत्या, ऑपरेशन सुरू व्हायच्या आत पोचते म्हणाली होती.

"काय खारे," तो म्हणाला, "धापा टाकत आलीस. जिन्यावर कुत्रं लागलं मागे?"

"सापडला, दादा."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. चेष्टा कुठल्या कुठे गेली.

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे पाय राहतोय?"

"राहतोय."

चादरीखाली त्याची बोटं हलली. त्यानं डॉक्टरांना बोलावून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं, डॉक्टरांनी खारीकडे पाहिलं, तिनं मान हलवली, आणि टेबल दुसऱ्या कोणाला दिलं गेलं. मग दादानं बेकरीत फोन लावला. "अगं, येऊ नकोस धावतपळत," तो म्हणाला, "औषध सापडलंय." आणि पलीकडून काय आलं कोण जाणे, फोन कानाला धरून तो कितीतरी वेळ नुसता हसत राहिला.

औषध सुरू झालं. शिरेतून आणि थेट जखमेतून. आणि खोटं कशाला बोला, सुरुवातीला चमत्कारच वाटला. ताप उतरला, पू कमी झाला, दादानं परिचारिकांना खांबावरच्या गोष्टी सांगून सांगून बेजार केलं. वहिनी पाळी संपवून गरम पाव घेऊन यायची आणि तिघं खाटेवर कागद पसरून खायची. एकदा वहिनीनं खारीचा हात धरून आपल्या गालाला लावला आणि सोडला. खारीला तेव्हा इतका आनंद झाला होता, की पातळ थेंबांची आठवण आली तरी ती माशी हाकलावी तशी हाकलायची.

मग ताप परत आला. येताना थंडी घेऊन आला. जखमेत जंतू पुन्हा भरले होते, पहिल्यापेक्षा जोमानं. आणि विषाणू? खारीनं जखमेतला कापूस नेऊन तपासला. ते वाढायला हवे होते. ते नावालाही उरले नव्हते.

त्याच रात्री लावलेल्या थेंबांमध्ये पुन्हा तेच दिसलं. घट्ट थेंब लख्ख, पातळ थेंबांत एक भोक नाही. या वेळी नळी नवी होती, पाणी नवं होतं आणि हातही थरथरत नव्हता. दादाच्या जंतूंचा जनुकांचा आराखडा आला तेव्हा तिला फार शोधावं लागलं नाही. मधोमध तो बसला होता. एकटा. ज्याचा प्रत्येक वळसा तिला पाठ होता तो तिचा शिलेदार. पहिल्या फळीचे जंतू विषाणू शिरताच आपणहून मेले होते, म्हणून ताप उतरला होता. मागची सगळी फळी शाबूत राहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खार प्रयोगशाळेच्या फरशीवर बसली आणि सर आले तरी उठली नाही. त्यांनी शुक्रवारची बशी पाहिली, तिच्यावरची तारीख पाहिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते तिच्या शेजारी फरशीवर बसले.

"आता काढा ना पाय," ती डॉक्टरांना म्हणाली.

"आता ते पायात थांबलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "हृदयाच्या झडपेपर्यंत गेलेत."

दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. दादाच्या अंगात बोलण्यापुरतंच त्राण होतं, पण डोळे स्वच्छ होते. खार खुर्ची ओढून बसली आणि तिनं सांगून टाकलं. पातळ थेंबांत काही नव्हतं, ते तिला दिसलं होतं आणि तिनं ते दिसू दिलं नाही. सरांच्या दारावरून ती मुद्दाम तशीच गेली. सांगताना ती रडली नाही, कारण रडलं तर त्याला आपलीच समजूत काढावी लागेल, हे तिला माहीत होतं.

त्यानं उशीवरून मान तिच्याकडे वळवली.

"थांब," तो म्हणाला. "मला नीट कळू दे. विषाणू ज्याच्या घरात शिरला, तो जंतू स्वतःच लाईन तोडतो?"

"हो."

"आणि स्वतः मरतो."

"हो."

"आणि पुढची वस्ती वाचते." त्याला हसू आलं, आणि हसण्यानं दुखलं. "अगं, मग हा फ्यूज झाला. इतकी वर्षं ताटावर बसून सांगत होतीस, फ्यूज म्हणाली असतीस तर एका घासात कळलं असतं."

"दादा..."

"फ्यूजमध्ये बारीकशी तार असते. ती जळते म्हणून घर जळत नाही. आणि लोक आम्हालाच शिव्या घालणार, की सारखा उडतो, जाड तार घाला. जाड तार घातली की एक दिवस घर जातं हो, सांगून सांगून तोंड दुखलं माझं." त्यानं पायाकडे पाहिलं. पाय सुजून चादरीखाली उशीसारखा झाला होता. "माझा फ्यूज हा होता, खारे. उडू द्यायला हवा होता."

तिला वाटलं होतं, तो ओरडेल, किंवा तोंड फिरवेल. त्याच्या आवाजात साधा हळहळलेला कारागीर होता, आपलंच काम बिघडलेलं बघणारा. त्यानं तिचं काळीज फाटलं.

"तू नाही, मी जाड तार घातली," ती म्हणाली.

"तू घातलीस, मी मागितली. 'नक्की?' असं मी विचारलं ते उत्तर हवं होतं म्हणून का? मला 'नक्की' ऐकायचं होतं. दुसरं काही म्हणाली असतीस तर रुसलो असतो तुझ्यावर." त्यानं श्वास घेतला. "हिला सांगितलंस?"

"आज सांगणार आहे."

"नाही सांगायचं."

"तिला कळायला नको? माझ्यामुळे तिचा..."

"कळून काय करेल? तुझं तोंड बघणार नाही. आई गेली, बाबा गेले, आता मी निघालो. घरात राहिल्या कोण, दोघी. त्याही दोन दिशांना तोंडं करून बसणार?" त्याचा हात चादरीवर सरकत तिच्या हातापाशी आला. "बोलायचं ते मी बोलतो तिच्याशी. तू फक्त गप्प बसायचं. लहानपणी जमलं नाही, आता जमव. माझ्या गळ्याची शपथ."

"तुझ्या गळ्याची शपथ घेऊन काय उपयोग आता?" ती म्हणाली, आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही. तोही रडला. वहिनी औषधांची पिशवी घेऊन दारात आली तेव्हा बहीणभाऊ एकमेकांचा हात धरून लहान मुलांसारखे रडत होते. ती पलीकडे बसली आणि तिनं त्याचा दुसरा हात धरला.

त्यानंतर फार दिवस लागले नाहीत.

माणसांची ये-जा थांबली तेव्हा खार वहिनीकडे गेली. वहिनी स्वयंपाकघरात बसली होती. बल्बची जागा अजून रिकामीच होती. इतके महिने तिनं खिडकीच्या उजेडात आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीतल्या दिव्यावर निभावलं होतं. स्टूल भिंतीशी उभं होतं. नवा बल्ब खोक्यासकट फळीवर होता, दादानं त्या दिवशी आणलेला.

वहिनीनं चहा केला, दोन कप भरले आणि एक तिच्यापुढे सरकवला.

"मला सगळं सांगितलंय त्यानं," वहिनी म्हणाली.

खारीचा हात कपावरच थांबला.

"तू म्हणाली होतीस, औषध सापडलंय पण भरवशाचं नाही, आधी पाय काढ. पाया पडलीस म्हणे त्याच्या. रडलीस. आणि हा अडून बसला, की एका पायाचा वायरमन कोणी बघितलाय का. मला फोनवर नुसतं 'सापडलं' म्हणून सांगितलं, अर्धंच. कारण मला पुरतं कळलं असतं तर मी त्याला उचलून टेबलावर ठेवला असता, हे माहीत होतं त्याला." तिनं पदरानं नाक पुसलं. "सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. जन्मभर असाच. हट्टी मेला."

रोजची शिवी होती. तोंडून गेल्यावर वहिनी जागच्या जागी गोठली. मग टेबलावर डोकं टेकून ती रडू लागली, आणि रडता रडता त्याला बोलत राहिली.

"मला पाय नको होता रे. मला काय करायचा होता पाय? पाठीवर घेऊन फिरवला असता तुला. माझा विचार नाही केलास. बहिणीचं ऐकलं नाहीस. एवढी शिकलेली बहीण, पाया पडली, तरी तिचं ऐकलं नाहीस."

"वहिनी, त्याला नको बोलूस."

"का नको?" वहिनीनं डोकं वर केलं. डोळे लाल झाले होते. "का नको बोलू? तूच सांग मला."

खारीनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होते, चारच होते. समोर वहिनी उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या मागे ते रिकामं स्टूल होतं. लहानपणी जमलं नाही, आता जमव.

"त्याला... दुखत होतं खूप," ती म्हणाली.

वहिनीनं तिला जवळ ओढलं. खार बेकरीच्या पिठाचा वास येणाऱ्या त्या खांद्यात तोंड खुपसून राहिली आणि वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जिनं मारलं तिच्याच पाठीवरून. "तू कशाला रडतेस," वहिनी पुटपुटत होती. "तू केलंस तेवढं कोणी केलं नसतं. आता मला तूच आहेस."

अंधारायला लागलं. चहा निवून गेला होता. खार उठली, तिनं स्टूल ओढून बल्बच्या जागेखाली आणलं आणि फळीवरचं खोकं घेतलं.

"राहू दे," वहिनी एकदम म्हणाली. "नको चढूस."

"लावते. किती दिवस अंधारात राहशील."

ती चढली. स्टूल जरासं डगमगलं. वहिनी धावत आली आणि गुडघ्यांवर बसून तिनं स्टुलाचे दोन पाय दोन्ही हातांनी आवळून धरले. वरून खारीला तिच्या केसांतला भांग दिसत होता आणि हातांच्या शिरा.

"त्या दिवशी मी धरायला हवं होतं," वहिनी खालून म्हणाली. "सावकाश लाव. मी धरलंय तुला."